मशागत आणि राखण

पावसाळा परतीच्या वाटेला लागला, की आमच्या वसईच्या पट्ट्यातील घरांच्या मागील दारी एक निराळीच लगबग सुरू होते. चार महिने पावसाने धोपटलेली माती वरून घट्ट झालेली असते. शिराळी, पडवळ आणि काकडी यांचे वेल मांडवावर पिवळे पडू लागलेले असतात. रानगवत तर कमरेएवढे माजलेले असते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आकाश निवळते, उन्हाला धार येते, आणि घरातील कोणीतरी, बहुधा नोकरीतून निवृत्त झालेले वडील किंवा सकाळची मिस्सा आटोपून आलेली आई, कुदळ घेऊन परसात उतरते. शेजारच्या हिंदू कुटुंबांत घटस्थापनेच्या निमित्ताने मातीत धान्य रुजत घातले जाते, त्याच सुमारास आपल्याकडे घरोघरी संध्याकाळची जपमाळ सुरू असते. शरद ऋतू असा प्रार्थनेबरोबर आणि बियाण्याबरोबर आपल्या अंगणात येतो.

या दिवसांत परसबागेत राबणाऱ्या माणसाच्या मुखावर जो एक शांत आनंद दिसतो, त्याविषयी थोडा विचार करावासा वाटतो. कारण हा आनंद हिशेबाच्या वहीत बसत नाही. मेथीची एक जुडी हाती यायला पंचवीस-तीस दिवस लागतात, मुळ्याला चाळीस-पन्नास, आणि वालाच्या शेंगांना तर तीन महिन्यांच्या आसपास. रोजचे पाणी, खत, खुरपणी आणि गुडघ्यांचे दुखणे यांची बेरीज केली, तर घरची भाजी बाजारातल्या भाजीहून महागच पडते. तरीही पहिल्या मुळ्याची जुडी धुऊन ओट्यावर ठेवताना जे समाधान वाटते, ते बाजारातून भरून आणलेल्या पिशवीने वाटत नाही. हे समाधान नेमके कशाचे? ही रिकाम्या वेळेची करमणूक आहे, की पोट भरलेल्यांची चैन? की या आनंदात माणसाच्या घडणीविषयी काही सांगणे आहे? ख्रिस्ती कुटुंबांनी हा प्रश्न स्वतःला विचारण्याजोगा आहे.

नेहमीची उत्तरे आपल्या परिचयाची आहेत. घरची भाजी ताजी असते, तिच्यावर विषारी फवारे मारलेले नसतात, शिवाय शरीराला व्यायाम होतो. ही उत्तरे खरी आहेत. पण ती लाभाची उत्तरे आहेत, आनंदाची नव्हेत. उद्या एखाद्याने तितकीच ताजी आणि निर्विष भाजी रोज सकाळी दारात आणून दिली, तर लाभ सगळे मिळतील, परंतु तो आनंद मिळणार नाही. कारण तो भाजी ताटात येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. धणे पेरण्यापूर्वी ते चपलेखाली किंवा लाटण्याखाली हलकेच रगडून त्यांची दोन दले वेगळी करतात. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, पण कोथिंबीर आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ, काहीच दाद देत नाही. वाफा उघडाबोडका दिसतो. माणूस रोज सकाळी वाकून पाहतो, झारीने पाणी घालतो आणि परत जातो. मग एके दिवशी माती किंचित तडकलेली दिसते, आणि त्या भेगेतून मान वाकवलेला हिरवा कोंब वर येत असतो. त्या क्षणी जे वाटते, त्यात खाण्याचा विचारही नसतो. आपण केलेल्या कामाला आपल्याहून मोठ्या कुणीतरी प्रतिसाद दिला, असे काहीसे ते वाटणे असते.

पवित्र शास्त्रात माणसाचे पहिले वास्तव्य बागेत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मात्र उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील एक बारकावा अनेकदा नजरेतून सुटतो. परमेश्वराने माणसाला एदेन बागेत ठेवले ते नुसते फळे खाण्यासाठी नव्हे. तिची मशागत करण्यासाठी आणि तिची राखण करण्यासाठी. हे काम त्याला पापाच्या आधी मिळाले. घामाचा, काट्यांचा आणि कुसळांचा उल्लेख येतो तो पुढच्या, तिसऱ्या अध्यायात. म्हणजे पापाने श्रमाला कष्टाची आणि निराशेची जोड दिली; श्रम मात्र पापातून जन्मलेले नाहीत. मातीत हात घालणे हा माणसाच्या मूळ मोठेपणाचा भाग आहे, शिक्षेचा नव्हे.

संत आगस्तीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीवर भाष्य लिहिताना हाच प्रश्न उपस्थित केला होता. नंदनवनात काम कशाला, ते तर सुखाचे ठिकाण ना, अशी शंका घेऊन त्यांनी उत्तरादाखल अनुभवाकडे बोट दाखवले. आजही शेतीत इतके रमणारे लोक आपण पाहतो, की त्यांना तिथून उठवून दुसऱ्या कामाला लावणे हीच त्यांना शिक्षा वाटते, असे ते म्हणतात. बी रुजते, रोप वाढते, कलम धरते, तेव्हा माणसाची बुद्धी सृष्टीशी जणू संवादच करीत असते, असेही त्यांनी सुचवले आहे. आगस्तीन हे काही ग्रामजीवनाचे भाबडे गोडवे गाणारे लेखक नव्हते. मनुष्याच्या पापी प्रवृत्तीविषयी त्यांच्याइतके कठोर लिहिणारे थोडेच. अशा माणसाला बागकामाच्या आनंदात मूळ नंदनवनाची खूण दिसावी, हे महत्त्वाचे आहे. पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्यात प्रार्थनेच्या वेळांबरोबर हातांनी करावयाच्या कामाचेही तास नेमून दिले आणि मठाच्या आवारात पाणी, जाते व बाग असावी असे सांगितले. बाग ही आध्यात्मिक जीवनातील अडचण आहे, असे या संतांना वाटले नाही.

येथे शरद ऋतूचे विशेष महत्त्व ध्यानात येते. पावसाळ्यातील बाग आणि शरदातील बाग यांत मोठा फरक आहे. जून ते सप्टेंबर आपण भोपळ्याचे बी टोचले, की पुढचे काम आभाळ करते. माणसाला फार तर मांडव बांधावा लागतो आणि गवत उपटावे लागते. ऑक्टोबरात आभाळ हात आखडता घेते. आता जे पाणी वाफ्याला मिळेल, ते माणसाने विहिरीतून काढून घातलेले. एखादा दिवस विसरलो, तर कोवळे रोप दुपारी मान टाकते. अनुवादाच्या अकराव्या अध्यायात मोशे इस्राएली लोकांना अशाच दोन भूमींतला फरक सांगतो. मिसर देशात तुम्ही भाजीच्या मळ्याला देतात तसे स्वतःच्या कष्टाने पाणी देत होता. ज्या देशात तुम्ही जात आहात, तो आकाशीच्या पावसाचे पाणी पितो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. आपल्या कोकणपट्टीत या दोन्ही भूमी एकाच परसात, एकाच वर्षात नांदतात. चार महिने आपण केवळ दान घेतो, आणि नंतर त्या दानाला जागण्याची वेळ येते.

पण शरदातील माळी आपण सर्व काही करतो अशा भ्रमातही राहू शकत नाही. विहिरीतले पाणी हे गेलेल्या पावसाचेच पाणी असते. आणि कितीही पाणी घातले, तरी कोथिंबिरीला एक दिवस आधी उगवायला लावणे कुणाला जमत नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी कसे वाढते हे त्याला कळतही नाही. संत पौल करिंथकरांना लिहितात, की त्यांनी स्वतः लावले, अपुल्लोसने पाणी घातले, परंतु वाढ दिली ती देवाने. माणसाचे काम आवश्यक आहे आणि तरीही पुरेसे नाही. कृपा आणि प्रयत्न यांच्या नात्यावर ईशज्ञानाचे मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. ते न वाचलेल्या माणसालाही ते नाते झारी हातात घेतल्यावर रोज सकाळी उमगते. आपल्यावाचून अडते, पण सगळे आपल्यावर अवलंबून नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवण्यात मनाला मोठी विश्रांती आहे. परसबागेतल्या आनंदाचा गाभा मला येथे दिसतो.

इथवर सारे निर्मळ आहे. परंतु पवित्र शास्त्रात बागेची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फार अस्वस्थ करणारी आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात अहाब राजाच्या इज्रेल येथील वाड्यालगत नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तो हवा होता. कशासाठी? भाजीची बाग करण्यासाठी! घराजवळ आहे, सोयीचा आहे, बदल्यात याहून चांगला मळा देतो किंवा रोख किंमत देतो, असे तो म्हणाला. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला. राजा रुसून बिछान्यावर पडला, जेवेना. मग राणी ईजबेलने सूत्रे हाती घेतली. खोटे साक्षीदार उभे केले गेले, नाबोथाला नगराबाहेर नेऊन दगडमार करून ठार मारण्यात आले, आणि अहाब मळ्याचा ताबा घ्यायला खाली उतरला. तेथेच एलिया संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला.

राजाची इच्छा पाहिली तर किती साधी आहे! त्याला सैन्य नको होते, सोने नको होते, दुसऱ्याची पत्नी नको होती. घराशेजारी थोडी भाजी असावी, एवढीच त्याची हौस होती. म्हणजे आपल्यापैकी कुणाचीही असते तीच. प्रथम त्याने मोबदला देऊ केला, म्हणजे व्यवहारही त्याला मान्य होता. आणि तरीही त्या भाजीच्या बागेखाली एका निरपराध माणसाचे रक्त सांडले. आनंद देणारी वस्तू निष्पाप असली, म्हणजे तो आनंदही आपोआप निष्पाप ठरतो, असे नाही, हा या गोष्टीचा धडा आहे.

मग आदामाची बाग आणि अहाबाची बाग यांत फरक कोठे पडतो? अहाबाने मशागत केली असती, याविषयी शंका नाही; राजाकडे माळी पुष्कळ असणार. उणीव होती ती दुसऱ्या शब्दाची, राखणीची. या शब्दाचा शास्त्रातील प्रवास पाहण्याजोगा आहे. एदेन बागेची राखण करणे यासाठी मूळ हिब्रू भाषेत जो धातू वापरला आहे, तोच दोन अध्यायांनंतर पुन्हा येतो. काइन हा जमिनीची मशागत करणारा होता. शेतात भावाचा खून केल्यानंतर, भाऊ कोठे आहे असे परमेश्वराने विचारले तेव्हा, त्याची राखण करणे माझे काम आहे काय, असे त्याने उलट विचारले. तेथे तोच शब्द आहे. मशागत काइनाला येत होती. राखण त्याने नाकारली. बागेची राखण आणि भावाची राखण या शास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. भावाला सोडून बाग राखता येत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात उत्पत्तीतील याच दोन शब्दांकडे लक्ष वेधले आहे. भूमीच्या औदार्यातून प्रत्येक समाजाने निर्वाहापुरते घ्यावे, पण तिचे रक्षण करून पुढील पिढ्यांसाठी तिची सुपीकता टिकवावी, ही त्यांची शिकवण आहे. त्याच पत्राच्या प्रारंभी ते आसिसीच्या संत फ्रान्सिस यांची आठवण देतात. मठाच्या बागेतील काही भाग न लागवडता सोडावा, म्हणजे तेथे रानफुले आणि वनस्पती आपोआप वाढतील, असे संत फ्रान्सिस सांगत असत. ४ ऑक्टोबरला आपण या संताचा सण साजरा करतो, म्हणजे नेमके वाफे आखण्याच्या दिवसांत. वाफे आखतानाच एक कोपरा आपल्या उपयोगाबाहेर ठेवावा, ही त्यांची सूचना लहान दिसते. पण सगळे काही माझ्यासाठी नाही, ही कबुली त्या कोपऱ्यात असते.

हे विचार आपल्या परसात आणून पाहिले, तर काही प्रश्न सरळ समोर येतात. पहिला प्रश्न हातांचा. वसईच्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या आदिवासी बांधव आणि भगिनी राबत आले आहेत. आजही घरची जमीन खणायला, आळी करायला, नारळ उतरवायला अनेक ठिकाणी तेच येतात. ज्या हातांनी आपले वाफे केले, त्या हातांना मजुरी वेळेवर आणि पुरेशी मिळते काय? त्या भाजीची पहिली जुडी कधी त्या घरी जाते काय? ज्यांच्या घामाची आठवण आपल्याला नको असते, त्यांच्या श्रमावर उभा राहिलेला परसबागेचा आनंद अहाबाच्या वाटेवर पहिले पाऊल टाकून बसलेला असतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पूर्वी येथील विहिरींवर रहाट असे आणि जनावर जेवढे फिरे तेवढेच पाणी वर येई. विजेच्या पंपाने कष्ट वाचवले, हे चांगलेच झाले. पण थांबण्याची सक्तीही गेली. १९८० आणि १९९०च्या दशकांत टँकरने पाण्याचा बेसुमार उपसा झाला, विहिरींचे पाणी खारट होऊ लागले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली. २०२४ साली फादर दिवंगत झाले, परंतु पाणी हे कुणा एकाच्या कुंपणात मावत नाही, हे त्या चळवळीने शिकवलेले सत्य कायम आहे. माझा पंप चालतो तेव्हा खाली शेजाऱ्याच्या विहिरीतलेही पाणी हलते. भाजीला पुरेल इतके घालणे आणि बुंध्याशी पालापाचोळा पसरून ओल टिकवणे हे बागकामाचे साधे नियम आहेत. तेच शेजारधर्माचेही नियम आहेत.

तिसरा प्रश्न उरलेल्या भाजीचा. डिसेंबरात सगळे वाफे एकदमच तयार होतात आणि घरातील मंडळी मुळा पाहिला की तोंड फिरवू लागतात. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वराची आज्ञा आहे, की शेताची कड पूर्ण कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत; ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावीत. येथे उदारपणे दान करा असे म्हटलेले नाही. ती कड मुळात तुमची नाहीच, असा त्या आज्ञेचा सूर आहे. कुंपणावरून शेजारणीला दिलेली वांगी, आजारी माणसाच्या घरी पोचवलेला पालक, नव्याने भाड्याने राहायला आलेल्या परप्रांतीय कुटुंबाला दिलेली मिरच्यांची ओंजळ, ही आपल्या वाफ्याची कड आहे. त्या मिरचीलाच विचारले, तर तीही परकी! अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर ती या देशात आली. पपई आणि पेरू यांचीही तीच कथा. वांगे तेवढे येथले जुने. परक्या रोपांना या मातीने आपलेसे केले नसते, तर आपल्या कालवणाला आजची चव आली नसती.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्य आहे. ज्याच्या पोटाचा प्रश्न भाजीवर अवलंबून आहे, त्या शेतकऱ्याला शरदातील बागेत असला आनंद वाटतो काय? अवकाळी पाऊस येतो, वांग्याच्या शेंड्यात आणि फळात अळी शिरते, भाव पडतो. रात्री उठून पाणी देणाऱ्याला आगस्तीनचे भाष्य सांगून काय उपयोग? हौसेने बाग करणाऱ्याने हे विसरता कामा नये. त्याचे पीक गेले तर त्याचे फक्त मन दुखते. पण म्हणूनच परसबाग ही त्याच्यासाठी एक शाळा ठरू शकते. मेथीच्या एका जुडीमागे किती दिवस असतात, हे ज्याने मोजले आहे, तो बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणार नाही. किडकी दोन वांगी ज्याने स्वतः चिरून नीट केली आहेत, तो प्रत्येक वांगे तुकतुकीतच हवे असा हट्ट धरणार नाही. त्या हट्टापायीच तर शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा फवारा मारावा लागतो. घरच्या बागेने आपल्याला पिकवणाऱ्यांविषयी अधिक न्यायी केले नाही, तर तिचा आनंद कुंपणाच्या आतच सुकून जातो.

जमिनीचा विषय निघाला, की आपल्या घरांत आवाज खाली येतो. अनेक वाड्या गेल्या, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, काही बावखले बुजली. जमीन विकणाऱ्या प्रत्येकाला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. कुणाला मुलांचे शिक्षण करायचे होते, कुणाला आजारपणाचा खर्च होता, कुणाची शेती परवडेनाशी झाली होती, कुणाच्या भावंडांत वाटणी अटळ होती. नाबोथाच्या गोष्टीत दोषी ठरला आहे तो राजा. आणि हा राजा फक्त मोठ्या बांधकाम व्यावसायिकांतच असतो असे नाही. बहिणीच्या हिश्शाची सही गोड बोलून घेणारा भाऊ, बांध दरवर्षी वीतभर सरकवणारा शेजारी, वृद्ध काकांचा नारळ आपलाच समजणारा पुतण्या, या सर्वांच्या मनात एक लहानसा अहाब रुसून बिछान्यावर पडलेला असतो. जेथे असा तंटा मुरला आहे, त्या परसातील भाजी कितीही सेंद्रिय असली, तरी तिच्यात विष उतरलेले असते. नीतिसूत्रांचा कर्ता सांगतो, की द्वेषाच्या ताटातील पुष्ट बैलापेक्षा प्रेमाने वाढलेली भाजी बरी. परंतु ती भाजी द्वेषाच्याच जमिनीत उगवलेली असेल, तर काय करावे? अशा वेळी वाफा आखण्यापूर्वी बांधापलीकडे जाऊन भावाशी समेट करणे, हेच त्या हंगामाचे पहिले काम ठरेल. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्यास प्रभू येशूने सांगितले आहे. परसातल्या पहिल्या तोडीलाही तो नियम लागू पडतो.

ज्यांच्याकडे आता परसच उरले नाही, चौथ्या मजल्यावरील खिडकीच्या जाळीत चार कुंड्या आहेत, त्यांनी हे सारे आपल्यासाठी नाही असे समजू नये. राखण ही गुंठ्यांनी मोजली जात नाही. एका कुंडीतली कोथिंबीरही तितकेच दिवस वाट पाहायला लावते आणि एका वेळेच्या आमटीपुरती का होईना, शेजारच्या दाराची बेल वाजवायला निमित्त देते. आजी नातवाला त्या कुंडीपाशी उभे करून बी टोचायला शिकवते, तेव्हा उत्पत्तीचा दुसरा अध्याय त्या घरात उघडलेला असतो.

ऑक्टोबर सरतो आणि नोव्हेंबरच्या आरंभी सर्व संतांचा सण आणि त्यापाठोपाठ मृतांचा स्मरणदिन येतो. तोवर वाफे हिरवे झालेले असतात. दफनभूमीत मेणबत्त्या लावून परतताना लक्षात येते, की परसातील विहीर, शेवगा, नारळाची झाडे, यांतले जवळजवळ काहीच आपण केलेले नाही. जे आता मातीखाली आहेत, त्यांनी ते लावले आणि खणले. त्यांच्यापैकी पुष्कळांना त्या झाडांची शेवटची फळे मिळाली नाहीत. राखणदार कुणाला म्हणावे, याचे उत्तर त्यांच्याकडे आहे: जे हाती आले ते थोडे बऱ्या स्थितीत पुढच्याच्या हाती देतो तो.

जुन्या बायका या दिवसांत एक गोष्ट न चुकता करीत. पावसाळ्यातील वेलावरचे सर्वांत चांगले एक शिराळे त्या तोडत नसत. भाजीला कितीही हवे असले, तरी ते तसेच मांडवावर राहू देत. ते निबर होई, मग वाळून तपकिरी पडे, आणि हलवले की आत बिया खुळखुळत. त्या बिया राखेत घोळून डब्यात ठेवल्या जात आणि पुढच्या जूनमध्ये निम्म्या आपल्या परसात, निम्म्या दुसऱ्या कुणाच्या तरी परसात पडत. आज बियांची पाकिटे दुकानात सहज मिळतात आणि ती घेण्यात गैर काही नाही. तरीही या शरदात वेल उपटून टाकण्यापूर्वी मांडवावर एकदा वर पाहावे. एखादे चांगले शिराळे पानांआड राहिले असेल, तर त्याला राहू द्यावे, आणि त्याच्या बिया जूनमध्ये कुणाला द्यायच्या, हे आतापासूनच मनाशी ठरवून ठेवावे.